झालेच नाही असे मानावे

त्रिएस्ते, फेब्रुवारी. दिवाणी न्यायालय, तिसरा मजला.
मी कारकून. शिक्का माझ्याकडे, मत माझ्याकडे नाही.

वादी ओंदिना प्रेल्झ, कॉफीची दलाल,
पासष्टीची, बोटांना भाजक्या बियांचा वास.
तीनशे वीस पोत्यांचा तिचा करार
कुणी लिहिला नव्हता, रचला होता:
इतके तास उलटले तर दंड,
इतकी ओल चढली तर दंड.
मध्ये कुणी "जरा थांबा" म्हणणारं नाही.

आणि बोरा सुटला.
ज्यांनी हा वारा पाहिला नाही त्यांना काय सांगू,
पठारावरून उतरतो तो
मागून कुणी ढकलल्यासारखा.
चार दिवस क्रेनी हात बांधून उभ्या,
कंटेनर धक्क्यावर, आत कॉफी दमट होत गेलेली.
सेन्सरने ओल मोजली, घड्याळाने तास.
वारा मोजायला कुणी सांगितलं नव्हतं.
रात्री दोन वाजून सात मिनिटांनी
तिचे एक्केचाळीस हजार गेले.
ती झोपली होती.

प्रतिवादीचा वकील तरुण, शर्टासकट इस्त्री केलेला.
म्हणाला, करार मोडला नाही, पाळला गेला,
माणसाने कधी पाळला नसता इतका तंतोतंत.
शिवाय पैसे आमच्याकडे नाहीत,
ते सामाईक पेटीत, पेटीची किल्ली कुणाकडेच नाही.
"हेच तर," न्यायाधीश स्तान्किच बाई पुटपुटल्या.
ते मी नोंदवलं नाही.

निकाल: दैवी आपत्ती. दंड लागू नाही.
वसुली मुळापासून रद्द,
झालीच नाही असे मानावे.

आमचा कायदा पिढ्यान्‌पिढ्या हे वाक्य लिहितो
आणि झालेलं खरंच पुसलं जातं,
खरेदीखतं, मृत्युपत्रं,
एकदा माझं लग्नसुद्धा.
साखळी मात्र म्हणते, झालं.
दोन वाजून सात मिनिटं.
हजार यंत्रांवर काळ्या दगडावरची रेघ.

बेलिफ तुल्लिओ हुकूम घेऊन निघाला,
तीस वर्षं लोकांची दारं ठोठावलेला माणूस.
जिन्यातून परत आला, कागद उलटापालटा करत:
हा बेचाळीस अक्षरांचा पत्ता,
घंटी कितव्या मजल्यावर?

संध्याकाळी पुन्हा वारा.
पूर्वी इथे कोपऱ्याकोपऱ्यावर दोर बांधायचे,
धरून चालायला. आता नसतात.
कचेरीच्या पायरीवर ओंदिनाने
न विचारता माझा दंड धरला,
नाका ओलांडल्यावर सोडला.
आभार मानायचं राहून गेलं तिचं,
किंवा तसं काही ठरलंच नव्हतं.