स्टेथोस्कोप

जुना सायलेन्सर उतरवला तेव्हा
आतून मूठभर धानाचं तूस पडलं,
उंदराचं एक वाळकं घरटं,
आणि तुमसरकडच्या खाणीच्या शेडमधली
एकवीस वर्षं.
आर्वीत धान कुठलं?
उकंडा मिस्त्रीने तूस तळव्यावर घेतलं, फुंकलं,
म्हणाला, "डॉक्टरीनबाई,
हिच्या पोटात परगावचं खाणं हाय."

मी जनावरांची डॉक्टर.
पोटात काय निघतं ते मला सांगू नये कुणी.
गायीच्या पोटातून खिळे काढलेत मी, राख्या काढल्यात,
एकदा सायकलची अख्खी ट्यूब.
पण ही लाल, दोन दारांची, दोघांपुरती,
बकरीच्या उंचीची गाडी घेतली
तेव्हा बाजार-लाइन हसली.
"ढेपीचं पोतं कुठी ठेवान?"
म्हटलं, मांडीवर.

चार स्टडपैकी दोन तुटले.
तिसऱ्याला रात्रभर डिझेल पाजलं.
चौथा हात लावताच सुटला,
जसा त्याचाच कधीपासून निघायचा विचार होता.

मग गोणपाटावर तीन सायलेन्सर.
एक पुण्याहून एसटीच्या पार्सलने आलेला,
इतका चकचकीत की मिस्त्रीने त्यात आधी मिशी पाहिली.
दुसरा बुलेटचा, भंगारातला,
"हा लावला तं तुमी दुरून
सरपंचाचं पोरगं वाटसान."
तिसरा त्याने स्वतः वळलेला,
बंद पडलेल्या जिनिंगच्या वाफेच्या नळीतून;
आत भोकाभोकांची जाळी, भोवती काचेचा कापूस.
"कापूस म्हटलं की भरता येतेच आमाले,"
म्हणत त्याने हात गोणपाटाला पुसले
आणि दिवसभर खाजवत बसला.

एकेक तारेने टांगून पाहिला.
पुण्याचा किंचाळला,
रुखवतातली परात पडावी तसा.
बुलेटचा फक्त स्वतःबद्दलच बोलत होता.
तिसऱ्याच्या वेळी मी स्टेथोस्कोप काढला.
मिस्त्री हसला नाही,
हे मी विसरणार नाही.

डोळे मिटून ऐकलं.
धडधाकट गायीच्या डाव्या कुशीत असाच आवाज असतो:
दूर, पुलावरून जाणारी रिकामी बैलगाडी.
मग एक थांबा.
मग पुन्हा.

"हाच."
"पैसे तं त्याचेच जास्त दिले तुमी," पुण्याच्याकडे बोट.
"हाच."

मग तो खाली, पाठीखाली सिमेंटची रिकामी पोती,
आणि मी वरून टॉर्च धरून, नेहमी उलटं असतं.
बैलगाडीच्या टायरचे तुकडे कापून त्याने
टांगणीचे रबर केले.
वेल्डिंगचा उजेड भिंतीवर, तिथे दोन पाली, दोन्ही स्थिर.
"आक्सलले दोन बोटं सोडली."
"आणि खाली, रस्त्याला?"
"चार. रोहण्याच्या ब्रेकराले पाच लागते."
"मग?"
"मंग तिरपी काढा.
वासरू काढता नं, तशी."

त्याच रात्री फोन, रोहण्याहून,
गुणवंता नेहारेची म्हैस, पाय बाहेर, डोकं वळलेलं.
जीप पंक्चर. मी हीच काढली.
ब्रेकरवर तिरपी घेतली, तरी एकदा घासली,
ठिणगी आरशात दिसली.
गोठ्याशी पोचले तर गुणवंताची आई म्हणाली,
"आवाज आला तवाच पानी तापोलं,
वाटलं कोनती नवी मोटर बसोली वावरात."
म्हशीने एकच कान फिरवला.

दीड तास. वगार झाली. जिवंत.

बाहेर आले तर गाडी अंधारात निवत होती,
टिक, टिक.
मिस्त्री म्हणाला होता, एकदा तापली की
सांधे पुन्हा आवळा लागते.
टॉर्च तोंडात धरून वाकले.
दुसऱ्या सांध्याजवळ काजळीची बारीक रेघ,
कोपरापर्यंत हात अजून चिकट,
आणि पाना
मिस्त्रीकडेच राहिलेला.