निधीच्या उपलब्धतेनुसार

पत्र बुधवारी आलं.
जावक क्रमांक आहे, गोल शिक्का आहे,
सही कुणाची, ते वाचता येत नाही.
‘राज्याची आर्थिक स्थिती विचारात घेता
अनुदानाचा दुसरा हप्ता
निधीच्या उपलब्धतेनुसार अदा करण्यात येईल.’
मी मंडळाचा कोषाध्यक्ष, एकवीस वर्षं झाली.
कुठलंही वाक्य हातात आलं
की एका दमात म्हणता येतं का, ते आधी बघतो.
हे येतं.

तालीम निडवंचेंच्या डाळमिलमागच्या गोदामात.
भाडं मागत नाहीत ते,
पण तुरीची पोती आली की आम्ही बाहेर.
मी पत्र मोठ्यानं वाचलं.
खाजामियाँ म्हणाला, “मतलब नै आते.”
अनुसया म्हणाली, “तसं कुठं लिवलंय?
उपलब्ध झाले की येतेत.”
ती अंगणवाडीत आहे,
थकलेल्या मानधनाची भाषा तिला आमच्याहून बरी कळते.

पहिल्या हप्त्याचा हिशेब मी तीन प्रतींत पाठवला होता.
पडदा, शिलाईसह.
लाकडी पायऱ्या, नग चार.
टेम्पो, उदगीर ते नांदेड आणि परत.
चहा लिहिला आणि खोडला,
चहा कुठल्याच शीर्षात बसत नाही.
खाली छापलेलंच होतं:
रक्कम ज्या कारणासाठी मंजूर झाली
त्याच कारणासाठी खर्च झाल्याचं प्रमाणित करण्यात येते.
सही करताना पेन थोडं थांबलं.
कारण नेमकं काय होतं?

आमच्या नाटकात अनुसया कलेक्टर आहे.
मागं अंगणवाडीच्या बायका मोर्चा घेऊन लातूरला गेल्या,
तेव्हा निवेदन द्यायला तिलाच पुढं ढकललं.
“तू कलेक्टर होतीस की गं,
त्यांना कसं बोललं की ऐकू येतं, तुलाच माहीत.”
ती बोलली. आत बसलेल्या माणसानं पेन खाली ठेवलं, म्हणे.
मानधन काही लगेच आलं नाही.
हे मी कुठल्या रकान्यात लिहायला हवं होतं?

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं मीही लातूर गाठलं.
भांडायचं ठरवून गेलो होतो,
निवेदनाखाली सत्तावीस सह्या.
टेबलावर हुडगे नावाचा पोरगा,
डोळे तांबारलेले, डब्यातली भाकरी अर्धी तशीच.
म्हणाला, “बसा सर.
दवाखान्यांची बिलं वर अडकलीत.
डायलिसिसच्या किटचे पैसे नाहीत सुटलेले.
आता तुमचं नाटक म्हणजे…”
पुढचं तो बोलला नाही.
थांबायचं कुठं, हे कळतं त्याला, मनात आलं.
भांडायला समोर कुणीतरी चुकीचं असावं लागतं.
निवेदन दिलं, पोच घेतली,
स्टँडवर पोचेपर्यंत
दवाखाना आणि नाटक एकाच तराजूत कुणी टाकलं,
हा प्रश्न सुचला.
तोवर त्याचं टेबल मागं राहिलं होतं.

आज रात्री शेवटचा प्रवेश बसवला.
संहितेत लिहिलंय: अंधार हळूहळू होतो.
डिमर दुसऱ्या हप्त्यातून येणार होता.
गोदामात एकच ट्यूबलाइट,
तिला हळूहळू येत नाही,
ती असते नाहीतर नसते.
खाजामियाँ बटनापाशी उभा राहिला,
बटनाला हात न लावता
तोंडानंच म्हणू लागला,
“हो रा… हो रा…”
अनुसयाचा आवाज खाली खाली येत गेला,
कलेक्टरची मान झुकली,
“हो रा…”
तुरीची धूळ उजेडात तरंगत होती,
आणि पायरीवरची चार माणसं
एकमेकांना दिसेनाशी झाली.
“हो गया.”

मी वहीत काहीतरी लिहीत होतो, ते राहिलं.
कुणी हललं नाही बराच वेळ.
मग मागून कुणीतरी विचारलं,
आता उठायचं का?