दहा किलोंच्या खालचं

कळमन्याला आमचा धरमकाटा.
अर्धा माझा, अर्धा रूपचंद नंदनवारचा,
आणि गेल्या दिवाळीपासून
पुरा दोन कुलपांचा.

पहिला वकील म्हणाला, केस मजबूत आहे,
पंधरा वर्षं जागची हलणार नाही.
सागवानी पलंगाबद्दल बोलावं
तशा कौतुकानं म्हणाला.
मी चपला घातल्या.

मग सदरच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर,
अरुंद जिना, कूलरच्या ओल्या खसाचा वास,
अॅडव्होकेट पद्मजा हेडाऊ.
प्रश्न लिहून नेले होते काट्याच्या जुन्या पावतीवर.
पुढून मिरची, भिवापूर, अठ्ठावीस पोती.
मागून:
फी तारखेवर की कामावर?
समेट किती झाले, मोडले किती?
मध्यस्थापुढे तुम्ही बोलणार की मी?
आणि चौथा, खोडलेला.

फी कामावर, म्हणाल्या, निम्मी आधी.
मोडलेले त्यांनी झालेल्यांच्या आधी सांगितले. नऊ.
बोलायचं तुम्ही. मी शेजारी बसणार,
चुकीच्या वेळी तोंड उघडलंत
तर टेबलाखालून पाय दाबणार.
एवढ्याचे पैसे?
मुख्य पैसे त्याचेच.
चौथाही त्यांनी खोडलेल्यातून वाचून काढला:
नाही, नंदनवारांना मी ओळखत नाही.
ओळखत असते
तर तुम्हाला जिन्यातूनच परत पाठवलं असतं.

किती हवेत, विचारलं. सांगितलं.
आणि किती मिळाले तर उठून जाणार नाही?
तो आकडा मी घरीही बोललो नव्हतो.
तिथं बोललो.
त्यांनी तो कागदाच्या कोपऱ्यात लिहिला, बारीक,
आणि वर पेपरवेट ठेवला.

मग उगाच विचारावं तसं,
तुमचा काटा किती बारीक मोजतो हो?
दहा किलोंनी पुढं जातो, म्हटलं.
त्याखालचं त्याला दिसत नाही.
ड्रायव्हरची पाण्याची कॅन, देवापुढचा नारळ,
उसवल्या पोत्यातून सांडलेल्या मिरच्या,
काट्याच्या लेखी हे नाहीच.
बरं, म्हणाल्या, आता तसलं काही असेल तर सांगा.

कूलरचं पाणी संपत आलं होतं, खडखडत होता.

माझ्या माईच्या तेरवीला तो आला नाही.
हंगाम होता. त्या दिवशी बावन्न गाड्या तोलल्या त्यानं,
आणि संध्याकाळी माझा अर्धा हिस्सा
पाकिटात घालून पोराच्या हाती धाडला.
चोख. एक रुपया इकडचा तिकडे नाही.
कमी असता तर बरं झालं असतं.
भांडता आलं असतं.

बाईंनी पेन उचललं नाही.
हे मागणीत बसत नाही, म्हणाल्या,
पण पहिल्या तासात बोलू नका.
ते दुसऱ्यांदा पाणी मागतील, तेव्हा.
वकीलपत्र पुढं सरकवलं. सही केली.
माझ्याच नावाची, तरी हात अडखळला.

खाली झेरॉक्सवाल्यानं चार रुपये घेतले
आणि हलक्या आवाजात म्हणाला,
बाई चांगल्या हायेत भाऊ,
पण पाय लय जोरात दाबते बाप्पा.
माझं अन् भावाचं मॅटर होतं ना.
मिटलं का? विचारलं.
तो कॉप्या मोजत राहिला.
आता राखी पौर्णिमेले येते वहिनी, म्हणाला. तो नाही येत.

मंगळवारी बैठक. सोमवारी रात्री
जेवण झाल्यावर मी कळमन्याला गेलो.
बाजार सुना, नाकात मात्र मिरची.
काट्यावर चढून उभा राहिलो.
दिवसभराचं तापलेलं लोखंड
चपलेतून पोळलं. आकड्यांचा बोर्ड काळा.
तरी पाट्यानं अंग किंचित खाली घेतलं,
घेतोच तो, माणूस चढला की. सांगत नाही एवढंच.

केबिनच्या दारावर दोन कुलपं.
माझं धुळीनं बुजलेलं.
त्याच्या कुलपाला सहज हात लावला
तर बोटांना तेल.