आतड्याची माणसं

औषध सोडलं ते काही भांडून नाही.
एका मंगळवारी सुई टोचायची राहून गेली,
बुधवारी काही झालं नाही,
गुरुवारी मी तळलेला कांदा खाल्ला
आणि तरीही काही झालं नाही.

मी सुन्वा. क्लाक्सविक ते तोर्सहावन बस चालवते.
वाटेत समुद्राखालून अकरा किलोमीटरचा बोगदा लागतो,
त्याच्या पोटात एक गोल चौक, रंगीत दिव्यांचा,
आणि संडास एकही नाही.
आमच्या बेटांचा नकाशा मला विचाराल तर
मी गावं सांगत नाही, दारं सांगते:
पेट्रोलपंपामागचं, चर्चच्या तळघरातलं,
धक्क्यावरचं, ज्याची कडी लागत नाही.

आधी गोळ्या होत्या. त्यांनी रक्त थांबवलं
आणि तोंड टम्म फुगवलं.
पुतणीच्या लग्नात जो तो म्हणाला,
बाई, तब्येत सुधारली तुझी.
आठ महिन्यांत तेवढं एकच कौतुक,
तेही सुजेचं.

मग ते इंजेक्शन. दर पंधरा दिवसांनी.
फ्रिजमध्ये, लोण्याच्या शेजारी.
सोबतच्या कागदावर बारीक अक्षरांत
इतके आजार लिहिलेले
की माझा मूळचा त्यांच्यात पोरका वाटला.
डॉक्टर डेन्मार्कहून येतो, दर खेपेला नवा,
आणि दर नव्याला पहिल्यापासून सांगायचं:
दिवसातून किती वेळा, रक्त किती, रंग कोणता.
खिडकीशी बसते ती अल्विल्डा, माझ्याच वर्गातली.
कागद पाकिटात घालताना ती नजर चुकवते.
माझ्यासाठीच चुकवते,
म्हणून जास्त लागतं.

पण खरं सांगू?
बरं वाटत होतं.
आणि बरं वाटत असताना
अख्ख्या घरात मला आजारी म्हणणारं
एकच काही उरलं होतं:
लोण्याशेजारचा तो डबा.

बाबांनी कधी कुणाला सांगितलं नाही.
ट्रॉलरवर तीस वर्षं, ‘पोट नाजूक’, बस एवढंच.
सगळं पोटात ठेवायचे,
आणि पोटच ते ठेवेना.
ऑक्टोबरात मेंढ्या कापल्या की
आम्ही मुली टबात आतडी धुवायचो,
त्यांत रक्त-पीठ भरायचं असे.
आई एकेक आतडं दिव्यासमोर धरायची,
कुठे भोक नाही ना बघायला.
ओल्या कागदासारखं पातळ. पलीकडचा दिवा दिसायचा.
बाबा तेवढा वेळ बाहेर वाऱ्यात उभे.
मला वाटायचं, त्यांना मेंढ्यांची दया येते.

जानेवारीपासून मी परत मोजायला लागले आहे.
बोगद्यातले दिवे. भिंतीवरचे आकडे. उरलेले किलोमीटर.
कुणाला सांगितलेलं नाही.

आणि काल हा बाइनिर, सोळा वर्षांचा.
महिनाभर पहिल्याच सीटवर बसतो,
मागून मित्र हाका मारत असतात तरी.
बोगद्याच्या तोंडाशी त्याचे ओठ हलू लागले.
आरशात दिसलं मला.
प्रार्थना करणारं पोर डोळे मिटतं,
याचे डोळे भिंतीवरच्या आकड्यांवर.

आतड्याचं माणूस म्हणजे नात्यातलं,
असं मी इतकी वर्षं समजत होते.

शेवटच्या थांब्यावर त्याच्या हातात
ड्रायव्हरांच्या संडासाची किल्ली दिली.
‘परत आणू नकोस,’ म्हटलं.
कशाला, असं त्यानं विचारलं नाही. पळाला.
आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं.
‘आईनं दवाखान्याची वेळ घेतलीय.
मी जाणार नाही.’
मला उत्तर पाठ होतं. त्याच्याही बाजूचं.
‘परतीची बस साडेतीनला,’ एवढंच बोलले.

रात्री फ्रिज उघडला. लोणी बाजूला केलं.
तारीख उलटून गेली होती, फेब्रुवारीतच.
डबा हातात घेऊन उभी राहिले इतका वेळ
की दार उघडं आहे म्हणून
फ्रिजच बोंब मारू लागला.

उद्या अल्विल्डाला फोन करायचा आहे.
करीनच असं म्हणत नाही.
नंबर पाठ आहे, एवढं सांगते.