आधी तुम्ही

"आधी तुम्ही," मिस हेस्केथ म्हणाल्या.
मला वाटलं, दारातून आत जायचं म्हणतायत.
मी बाजूला सरकलो, ऋजुताला पुढे केलं.
त्यांनी स्टुलाकडे बोट दाखवलं.
पोर चार वर्षांची. ती सहा आठवडे नुसती बघणार.
वाजवायचं बापानं.

नेल्सन गावातलं चर्चमागचं सभागृह,
हीटरला तापलेल्या धुळीचा वास,
पियानोची खालून तिसरी पट्टी मुकी,
आणि गोदामात खोकी उचलून मुळ्यासारखी ताठलेली माझी बोटं.

मी इचलकरंजीचा. आमच्या घरी सूर म्हणजे माग,
खटक-खटक-खट, तिन्ही पाळ्या.
थांबला की आई झोपेतून दचकून उठायची.
इथल्या गिरण्या कधीच्याच गप्प झाल्या,
एकीत गालिच्यांचं दुकान, एकीत जिम.
अशा गावात मी, अडतीस वर्षांचा,
उजव्या अंगठ्याला समजावत होतो
की बाबा रे, तूही बोटच आहेस.

तेव्हा चारच घरं होतो आम्ही.
रुखसाना, ड्यूटीवरून थेट, नर्सच्या गणवेशात.
तोमाश प्लंबर, मुलासाठी आलाय
की पियानोच्या पोटात डोकवायला, कळायचं नाही.
आणि म्हातारे एंटविसल, नातवाला घेऊन,
कारण नातवाचे आईबाप एकमेकांशी बोलत नव्हते.
प्रत्येकाला एक वही. पहिल्या पानावर एकच नियम:
"चूक" म्हणायचं नाही. म्हणायचं, "परत ऐकूया."
मला हेच जड गेलं.
आमच्याकडे आधी "चूक" येते,
मग पाठीत धपाटा, मग गरम भाकरी.

रोज शाळेआधी तीच सीडी, तेच पाच सूर.
टोस्ट करपायचा.
पहिल्या वर्षी शेजारीण भिंत ठोठवायची,
दुसऱ्या वर्षी कुंपणावरून विचारलं तिनं,
"पुढचं कधी लावणार?"

सातव्या आठवड्यात ऋजुता स्टुलावर चढली,
पायाखाली बिस्किटांचा उपडा डबा.
वाकून नमस्कार केला आणि वाजवलं.
तिसऱ्या सुरापाशी मी थबकायचो.
तीही थबकली. हुबेहूब.
नाक माझं नाही तिला, कान माझे नाहीत,
हे मात्र उचललं!
मिस हेस्केथनी वहीत लिहिलं:
वडिलांची अडखळ. जायला महिना लागेल.

वर्ष लागलं.
तोवर चाराची अकरा घरं झाली, अकराची तीस.
रुखसानाची बहीण बर्नलीत शिकवू लागली,
कुणी डोंगरापलीकडे कीथलीत.
कुणीतरी पत्रक छापलं, वर ठळक "पद्धत" असं.
मिस हेस्केथनी पेन्सिलीनं तो शब्द खोडला, वर काहीच लिहिलं नाही.
विरजण जातं ना चमचाभर, या घरातून त्या घरात,
नाव न विचारता, वाटी परत येईल न येईल,
तसंच चाललं होतं ते.
एंटविसल गेले तेव्हा
नातवानं वाजवलं, आणि आईबाप
एकाच बाकावर बसले. मध्ये दोन कोट ठेवून.

ऋजुता नऊची झाली.
"बाबा, आज तू बाहेर बस."
मी जिन्यात बसलो, तिसऱ्या पायरीवर, वही मांडीवर.
आतून गेला तो जुना तुकडा, सरळ,
जिथं थबकायचं तिथं न थबकता.
आनंद व्हायला हवा होता. झालाही.
पण वहीत काय लिहायचं ते सुचेना,
म्हणून तारीख लिहिली.

शनिवारी फोन आला. नवी आई आहे,
एरिट्रियाची, हात खिशातून काढत नाही,
तुम्ही येता का?

गेलो. सेलाम नाव तिचं.
पोरगा तीन वर्षांचा, तिच्या गुडघ्याला बिलगलेला.
बऱ्याच वेळानं एक बोट बाहेर आलं
आणि अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांतली नेमकी ती मुकी दाबली.
तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिनंच मोडली.
"तुमची चू..." माझ्या ओठांवर आलं होतं.
गिळलं. सरकून बसलो.
म्हणालो, "शेजारची ऐकूया."