विरजण

गाव रिकामं झालं ते माझ्याच गाडीतून.
चौदा जणांची पांढरी मिनीबस,
मागचं दार दोरीनं बांधलेलं.
योखन्नाची आई शिलाई मशीन मांडीवर घेऊन बसली,
लाझारनं दाराची चौकट उपटून टपावर टाकली,
पोरांनी पिंपातून कबुतरं आणली.
विमानतळापर्यंतचं भाडं मी निम्मंच घेतलं.
परतताना गाडी इतकी हलकी
की खड्ड्याखड्ड्यांत उडायची,
आणि मी स्तोत्रं म्हणायचो मोठ्यानं,
भक्तीनं नव्हे,
झोप लागू नये म्हणून.

आता आम्ही अकरा जण.
खाबूर नदी वरच्या अंगाला अडवलीय,
पुलाखालून शेळ्या जातात.
उत्तरेकडे रात्री काहीतरी धडधडतं.
वर्दाबाई म्हणते, ढग.
आम्ही म्हणतो, बरं, ढग.

पाद्री ओदिशो, वय ब्याऐंशी,
त्यानं गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी
विरजण ताजं करायला बोलावलं मला.
मी देवळातला शमाशा, पोटासाठी ड्रायव्हर.
पीठ, मीठ, जैतुणाचं तेल,
त्यात गेल्या वर्षीचं उरलेलं,
त्यात त्याच्याही गेल्या वर्षीचं,
असं मागं मागं जात
म्हणतात, त्या शेवटच्या जेवणाच्या मेजापर्यंत.
अंतर म्हटलं की माझ्या डोक्यात डिझेल येतं.
एवढ्या लांबून कुणी आणलं हे,
नाक्यानाक्यावर काय सांगितलं असेल,
किती हात बदलले,
त्यातले किती हात पुढं तोडले गेले,
विचारावंसं वाटलं.
विचारलं नाही.

म्हाताऱ्याची बोटं कापत होती.
ओट्यावर सांडलेलं त्यानं टिपून टिपून
परत भांड्यात घातलं, कण न् कण.
मग औषधाच्या रिकाम्या बाटलीत अर्धं भरून
माझ्यापुढं धरलं.
"हे तुझ्याकडं असू दे, झाया."
"मी जाणार असं काही ठरलेलं नाही."
"मी राहणार असंही नाही," तो हसला.
"दुधाला कुठं ठाऊक असतं
विरजण कुणाच्या घरचं."

मेलबर्नहून निनोसचे कागद आलेत.
शिक्का, फोटो, तीन महिन्यांची मुदत.
नातीला फोनवर 'लख्मा' म्हणता येत नाही,
भाकरीला ती 'लकमा' म्हणते.
मी दुरुस्त करत नाही,
नीट ऐकू आलं नाही म्हणतो,
म्हणजे पुन्हा म्हणेल.
माझ्या गुडघ्यांना तिथला डॉक्टर हवाय.
माझ्या बायकोची कबर इथं आहे.
प्रार्थनेत दोन्ही सांगतो
आणि उत्तरादाखल
शेजारचा जनरेटर बंद पडतो.

राग येतो. वेदीपुढं उभा असतानाच येतो.
आम्हांला मागायला शिकवलंय ते आजच्या पोटापुरतं,
उद्याचा त्यात शब्द नाही.
लहानपणी वाटायचं, लिहायचा राहून गेला असेल.
आता वाटतं, उद्या मिळाला असता
तर आम्ही तोही पोत्यात भरून
तोंड शिवून ठेवला असता.

बाटली गाडीच्या खणात आहे,
कागदांना टेकून,
पान्याच्या आणि चिल्लरीच्या वर.
परवा नाक्यावरच्या पोरानं झाकण उघडून हुंगलं.
"काय आहे?"
"पीठ."
"एवढंसं?"
"पुरतं," म्हणालो.
त्याच्या ओठांवर नुकती लव फुटलेली.
बंदूक त्याच्यापेक्षा थोरली होती.

आज शनिवार. भट्टी पेटवली.
सरपण ओलं, डोळे चुरचुरले.
चिमूटभर विरजण घालून कणीक मळली,
वर ओलं फडकं टाकलं.
हात अजून दोनशे माणसांच्या मापानं पीठ घेतो,
किती वेळा सांगून झालं त्याला.
जास्तीच्या पिठाची साधी भाकरी भाजून
वर्दाबाईकडं पोचती करीन,
आणि ढग काय म्हणतात
तेही विचारून येईन.