नग एक

पहिली ग्रामसभा कोरमअभावी तहकूब झाली.
तहकूब सभेला कोरम लागत नाही,
एवढं शिपाईगिरीच्या एकोणीस वर्षांत मी शिकलोय.
सतरंजी मीच अंथरली. माईकवर टिचकी मीच मारली.
राजाक्का भोई पुढ्यात येऊन बसली,
मांडीवर खताची पिशवी, पिशवीत खाकी पाकीट,
पलूसच्या पंचायत समितीत पाच हेलपाटे घालून मिळवलेलं.

'पुरासाठी नाव घेतली म्हणं. ती कुठं हाय?'

सरपंच म्हणाले, विषयपत्रिकेवर नाही.
भाऊसाहेब म्हणाले, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ.
आयत्या वेळी चहा आला.
राजाक्कानं कप तसाच ठेवला.
'पाणी बी आयत्या वेळीच येतंय, भाऊसाहेब.'

त्या साली आयर्विन पुलावरचे आकडे
तासातासाला मोबाईलवर येत होते,
आणि खाली एक ओळ:
नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.
आम्ही सतर्क होतो.
शाळेच्या गच्चीवर, एकमेकांना चिकटून, रात्रभर सतर्क.
पहाटे राजाक्काचा दत्तू
गुऱ्हाळातली काहील पाण्यात ढकलून आला,
वेळूनं ढोसत, एका खेपेला चौघं,
बत्तीस माणसं, रेशनचं मशीन,
आणि ठार बहिरी गोदू मावशी,
जी मधोमध बसून म्हणाली, गुळाचा वास येतोय.
काहिलीला पोचा पडला.
पंचनाम्याच्या साहेबांनी वही पुढून मागून चाळली,
काहील कुठल्याच हेडात बसेना.

'तूच वाच,' राजाक्कानं पाकीट माझ्याकडं सरकवलं,
'माईकला तुझा आवाज बरा बसतोय.'

फायबरची नाव, इंजिनासह. नग एक.
जीवरक्षक जॅकेट. नग दहा.
रुपये चार लाख ऐंशी हजार, अक्षरी सुद्धा.
शेरा: माल सुस्थितीत मिळाला.
आणि त्याच्या खाली सही.
तिथनं पुढं आवाज माईकला बसेना.

सहीची शाई फुटली होती,
झेरॉक्समध्येही फुटलेलीच आली होती.
टीसीएल टाकून मी टाकीवरनं उतरत होतो त्या दुपारी.
मोटारसायकलच्या सीटवर कागद पसरलेला.
'नुसती पोच आहे रे, मार्चएंड आहे, कर.'
हात ओले होते.
रस्त्यावर टेंपो आहे का नाही
ते मी वर मान करून बघितलंही नाही.

बघितलं होतं. नव्हता.

'नाव?' मागनं कुणीतरी ओरडलं, 'अरे नाव वाच की!'

भूपाल सातू गुरव, मी म्हणालो. शिपाई.

पंखा फिरत होता. कुणी हसलं नाही.
भाऊसाहेबांनी इतिवृत्तात लिहिलं: सविस्तर चर्चा झाली.
तसं नको, मी म्हणालो.
लिहा, नाव आली नाही.
लिहा, सही माझी.
आणि 'कर' कोण म्हणालं, तेही लिहा.
पेन थांबलं ते थांबलंच.

राजाक्का उठली. 'कुलूप काढ.'

गोडाऊनात प्लास्टिकात गुंडाळलेल्या कचराकुंड्या,
वायर कधीच न जोडलेला भोंगा,
कुणाच्या तरी स्वागतकमानीचे बांबू.
भिंतीलगतची जागा तेवढी मोकळी.
राजाक्कानं दारात चपला काढल्या,
अंगठ्याला टाच लावत ती उभी मोजली, आडवी मोजली,
ओठांत आकडे पुटपुटत.
'बसली असती,' म्हणाली.

मग तिथंच फरशीवर टेकली,
गुडघे जवळ घेतले,
आणि जराशी कडेला सरकली,
अजून एक माणूस मावेल एवढी.